न कळलेल्या मुलाचं उद्या काय होतं? देशोदेशीच्या शाळांची तुलना करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिनलंडमध्ये गृहपाठ नाही, परीक्षा नाही, तरी मुलं पुढे. जपान-सिंगापुरात परीक्षांचा रगाडा, तिथलीही मुलं पुढे. मग बरोबर कोण? आणि शिक्षकांच्या गटाला चार देशांची तुलना मांडायची असेल तर तक्त्यात रकाने कोणते घ्यायचे?

‘बरोबर कोण’ हा प्रश्न तसाच ठेवला तर सुटत नाही. शाळेची रचना, परीक्षा, शिक्षकाची तयारी, घरची मदत आणि प्रत्यक्ष तासाला काय घडतं, हे सगळं त्यात एकाच गाठोड्यात बांधलेलं आहे. तुलना करताना मी ते गाठोडं सोडतो आणि एकच प्रश्न हातात धरतो: आजच्या तासाला ज्या मुलाला कळलं नाही, त्याचं उद्या काय होतं? याचं उत्तर देशागणिक इतकं वेगळं निघतं की बाकीचे बरेच फरक त्यातून उलगडत जातात.

पण आधी ऐकीव गोष्टी दुरुस्त करू. फिनलंडमध्ये गृहपाठ असतो, कमी असतो. २०१२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या १५ वर्षांच्या मुलांनी आठवड्याला तीन तासांपेक्षा कमी गृहपाठ सांगितला. सहभागी विकसित देशांची सरासरी पाच तासांच्या आसपास होती. त्याच यादीत दक्षिण कोरियाही तीन तासांच्या खालीच होता. आता कोरियातली मुलं शाळा सुटल्यावर खासगी शिकवणीला बसतात, फिनलंडमधली बसत नाहीत. तक्त्यात नुसता ‘गृहपाठ’ असा रकाना केलात तर हे दोन देश एका ओळीत येतील.

परीक्षांचंही तसंच. फिनलंडमध्ये नाही ती शालेय वयात सगळ्यांना एकदम बसवणारी देशव्यापी परीक्षा. देशव्यापी परीक्षा येते ती थेट उच्च माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी आणि ती १८५२ पासून चालत आली आहे. वर्गातल्या चाचण्या शिक्षक स्वतः काढतात, तपासतात आणि ४ ते १० अशा श्रेणीत गुणही देतात. दुसऱ्या बाजूला जपानमध्ये नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणात मूल जवळजवळ कधीच नापास होत नाही. दडपण साठतं ते पंधराव्या वर्षाच्या आसपास, उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेपाशी.

क्रमवारीबद्दल एवढंच सांगतो, कारण लोक तिथेच अडकून बसतात. पिसा वयावर चालते: १५ वर्षांची मुलं आणि व्यवहारातले प्रश्न. टिम्स ही दुसरी आंतरराष्ट्रीय चाचणी इयत्तेवर चालते: चौथी आणि आठवी, आणि अभ्यासक्रमात असलेलं गणित-विज्ञान. टिम्स २०११ मध्ये आठवीच्या गणितात फिनलंडचे गुण ५१४ आणि अमेरिकेचे ५०९ होते, म्हणजे फरक पाचचा. पुढच्याच वर्षीच्या पिसामध्ये तेच आकडे ५१९ आणि ४८१, फरक अडतीसचा. मुलं वर्षभरात बदलली नव्हती, मोजपट्टी वेगळी होती. शिवाय क्रमांकापेक्षा गुण आणि गुणांपेक्षा कल बघा. फिनलंड पिसाच्या गणितात २००६ मध्ये ५४८ वर होता, २०२२ मध्ये ४८४ वर आला. त्याच फेरीत सिंगापूर ५७५, जपान ५३६, एस्टोनिया ५१० आणि विकसित देशांची सरासरी ४७२. फिनलंडबद्दलचे कौतुकाचे बरेच लेख अजून २००६ च्याच आकड्यांवर उभे आहेत. पाच-सहा गुणांच्या फरकावरून कोणाला वर-खाली लावू नका. तेवढा फरक मुलांचा नमुना बदलला तरी पडू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

फिनलंडमध्ये न कळलेल्या मुलाकडे शाळेतच दुसरा शिक्षक येतो. तिथे विशेष शिक्षकाकडून अर्धवेळ मदत घेण्यासाठी कुठलंही निदान किंवा प्रमाणपत्र लागत नाही. पहिलीतलं मूल अक्षरं जोडताना अडखळतंय एवढं पुरतं. आठवड्यातल्या काही तासिका ते दोन-चार मुलांच्या गटात बसतं आणि परत वर्गात येतं. २०११ पासून या मदतीच्या तीन पायऱ्या होत्या: सर्वांसाठीची, वाढीव आणि विशेष. ऑगस्ट २०२५ पासून ती मांडणी बदलली. आता आधी गटाला मदत आणि ती पुरली नाही तर त्या मुलापुरती मदत. ‘तिथे वर्गाचा शिक्षक पदव्युत्तर शिकलेला असतो’ हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, १९७९ पासून तशी अट आहे. पण हा दुसरा शिक्षक सांगायचा राहून जातो. गृहपाठ कमी ठेवणं परवडतं ते त्याच्यामुळे.

जर्मनीत उत्तर वेगळ्या धर्तीचं आहे. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय, त्यामुळे १६ राज्यांत १६ नियमावल्या. बहुतेक ठिकाणी चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. बव्हेरियात गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जायचं तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी. इतर कित्येक राज्यांत शेवटचा शब्द पालकांचा असतो. न कळलेलं मूल तीच इयत्ता पुन्हा करतं किंवा दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जातं. हे वाचून लगेच नाक मुरडू नका. दुसऱ्या टोकाला कारखान्यातलं प्रशिक्षण आणि व्यवसायशाळा एकत्र चालवणारी दुहेरी व्यवस्था उभी आहे, आणि गिम्नाझियमला न गेलेल्या मुलाला त्यातून खरा पेशा मिळतो. ती व्यवस्था नसलेल्या देशाने फक्त दहाव्या वर्षीची चाळणी उचलली तर मुलं चाळली जातील, पुढे जायला वाट नसेल.

सिंगापूरने याच प्रश्नाचं उत्तर स्वतःच बदललं आहे. सहावीअखेरच्या परीक्षेत २०२० पर्यंत मुलाची तुलना त्या वर्षीच्या इतर मुलांशी होत असे. आता प्रत्येक विषयाला १ ते ८ अशी पातळी मिळते आणि चार विषयांची बेरीज ४ ते ३२ मध्ये येते; ४ म्हणजे सगळ्यात चांगली. २०२४ पासून माध्यमिक शाळेत संपूर्ण मुलाला एका प्रवाहात घालणं बंद झालं. एखादा विषय कठीण पातळीवर आणि दुसरा सोप्या पातळीवर असं घेता येतं. त्यामुळे सिंगापूरबद्दल काहीही वाचताना आधी लेखाचं साल बघा.

जपानमध्ये न कळलेलं मूल वर्गातच राहतं आणि तास त्याच्या चुकीवर बांधला जातो. इथे जरा थांबतो, कारण जपानकडून घ्यायचं असेल तर हेच आणि बिघडतं तेही इथेच.

पहिलीतली वजाबाकी घ्या: १३ − ९. पाठ्यपुस्तकात सुरुवातीला वजा करायची संख्या ९ घेण्यामागे हिशेब आहे. ९ ही दहाच्या अगदी जवळ, म्हणून मूल सहज दहातून नऊ काढतं, उरलेला एक तीनमध्ये मिळवतं आणि चार म्हणतं. १२ − ३ दिलं असतं तर तेच मूल आधी दोन काढून दहावर आलं असतं आणि मग आणखी एक काढला असता. दोन्ही रीती बरोबर, पण कोणती आधी सुचावी हे संख्येच्या निवडीने ठरतं. तास ४५ मिनिटांचा. ढोबळमानाने पहिली पाच मिनिटं उदाहरण मांडण्यात आणि ‘आज काय शोधायचं’ हे वहीत लिहिण्यात जातात. पुढची दहा मिनिटं मुलं एकेकटी सोडवतात. तेवढ्या वेळात शिक्षक हातात बसण्याच्या जागांचा नकाशा घेऊन फिरतो आणि कोणी बोटं मोजली, कोणी दहा फोडले, कोणी उलटं ९ मधून ३ काढायचा प्रयत्न केला याची नोंद करतो. या फेरीत तो शिकवत नाही, पुढे कोणाला कोणत्या क्रमाने बोलवायचं ते ठरवत असतो. मग वीसेक मिनिटं त्या रीती फळ्यावर शेजारी-शेजारी येतात. आधी बोटांची, मग दहा फोडणारी, आणि बहुतेकदा चुकलेलीही. शेवटी निष्कर्ष मुलांच्या शब्दांत लिहिला जातो. फळा तासभर पुसत नाहीत. डावीकडून उजवीकडे वाचला तर सगळा तास दिसला पाहिजे.

नक्कल करताना सगळ्यात जास्त बिघडतं ते त्या वीस मिनिटांत. शिक्षक हात वर करणाऱ्याला बोलावतो, पहिलंच मूल सगळ्यात चलाख रीत सांगतं आणि तास तिथेच संपतो. दुसरी चूक म्हणजे ‘छान, आणखी कोणी?’ करत पाच रीती गोळा करायच्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंधच लावायचा नाही. मुलांना वाटतं, रीती म्हणजे आवडीनिवडी. तिसरी चूक तयारीतली. त्या संख्या का निवडल्या हे न बघता उदाहरण बदललं की सगळी रचना कोसळते.

हे सांभाळायला जपानी शिक्षक ‘पाठ अभ्यास’ करतात. चार-सहा शिक्षक एकत्र बसून काही आठवडे एका घटकावर पाठ्यपुस्तकं आणि मुलांच्या नेहमीच्या चुका चाळतात, मग टाचण लिहितात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघून टिपणं काढतात आणि नंतर बाहेरचा एखादा जाणकार बोलतो. बघणाऱ्यांनी मुलांना मदत करायची नाही हा नियम पाळायला सगळ्यात अवघड. आणि चर्चेत ‘शिकवणाऱ्याने काय चुकवलं’ हा सूर लागला की प्रकरण पाठ निरीक्षण होऊन बसतं. दुसऱ्या फेरीला कोणी पुढे येत नाही.

उदाहरणं अवघड दिली म्हणजे झालं, असं कोणी म्हणालं तर टिम्सच्याच १९९९ च्या चित्रफीत अभ्यासातले आकडे दाखवा. त्यात सात देशांतल्या आठवीच्या गणिताच्या तासांचं चित्रण तपासलं. जपानचे तास १९९५ चे होते. संकल्पनांचा संबंध लावायला लावणारी उदाहरणं हाँगकाँगमध्ये १३ टक्के आणि अमेरिकेत १७ टक्के होती. म्हणजे अमेरिकेत थोडी जास्तच. पण हाँगकाँगमध्ये त्यांतली जवळपास निम्मी तासाला त्याच पातळीवर सोडवली गेली. अमेरिकेत जवळजवळ एकही नाही: मूल अडलं की शिक्षक रीत सांगून टाकत होते आणि उदाहरण आकडेमोडीवर उतरत होतं. जपानमध्ये अशी उदाहरणं ५४ टक्के होती, आणि तिथेही निम्मीच त्या पातळीवर टिकली. पुस्तक बदलून हे दुरुस्त होत नाही. मूल गप्प बसलं असताना शिक्षक पुढची दोन मिनिटं काय करतो, यावर ते ठरतं.

सिंगापूरची पट्ट्यांची आकृती त्या मानाने उचलायला सोपी, म्हणून तिचं वाटोळंही लवकर होतं. शाब्दिक उदाहरण असं: एकाकडे दुसऱ्याच्या तिप्पट गोट्या, दोघांच्या मिळून ४८, तर फरक किती? दुसऱ्याची एक पट्टी, पहिल्याच्या तेवढ्याच लांबीच्या तीन. एकूण चार पट्ट्या म्हणजे ४८, एक पट्टी १२, फरक दोन पट्ट्यांचा म्हणून २४. क्रम ठरलेला आहे: आधी हातात धरायचे ठोकळे, मग चित्र, मग चिन्हं. ठोकळ्यांची पायरी वगळली तर मूल पट्टीला ‘काढायची गोष्ट’ समजतं: आधी मनात उत्तर काढतं आणि गुणांसाठी पट्टी नंतर रेखाटतं. हे ओळखायचं सोपं आहे. प्रश्नातला शेवटचा आकडा झाकून ‘आत्तापर्यंतचं चित्र काढ’ म्हणा. ज्याला खरंच कळलंय तो पट्ट्या काढतो, दुसरा आकडा मागतो. आणि पट्टी कायमची नाही. एका पट्टीच्या जागी अक्षर आलं की तेच बीजगणित, तिथे ती सोडून द्यायची असते.

पद्धत एका देशातून दुसऱ्या देशात नेताना काय सुटतं, याचं अगदी जवळून बघण्यासारखं उदाहरण इंग्लंडचं. २०१४ पासून शांघायचे गणित शिक्षक इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत आणि इंग्लंडचे शिक्षक शांघायला असं सुरू झालं. सगळा वर्ग एकत्र, एका तासात एकच छोटं पाऊल, नेमकी वाक्यं, हे डोळ्यांना दिसत होतं, ते घेतलं. पण शांघायचा प्राथमिक शिक्षक फक्त गणित शिकवतो आणि तेही दिवसाला दोन-तीन तास. उरलेल्या वेळात तो वह्या तपासतो आणि अडलेल्या मुलाला त्याच दिवशी बसवून घेतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग पुन्हा एका रेषेत असतो. इंग्लंडमधला वर्गशिक्षक दिवसभर सगळे विषय घेतो. त्यामुळे ‘त्याच दिवशी’ची मदत बसवायला काही शाळांना वेळापत्रकातून वीस-पंचवीस मिनिटं ओरबाडावी लागली. ज्यांनी ती काढली नाहीत, त्यांच्याकडे दर आठवड्याला मागे पडणारी मुलं वाढत जाणार हे उघड आहे.

अमेरिकेत सुमारे १३,००० शाळा-जिल्हे, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आहेत, म्हणून ‘अमेरिकन पद्धत’ असा रकाना करूच नका, राज्य घ्या. मिसिसिपीने २०१३ मध्ये कायदा केला: तिसरीअखेर वाचता येत नसेल तर चौथीत जाता येत नाही. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत राज्याचे गुण २०१३ मध्ये २०९ होते, २०१९ मध्ये २१९ झाले. बाहेर बातमी गेली ती नापास करण्याची. त्याच प्रयत्नात पहिल्या इयत्तांपासूनची तपासणी, शिक्षकांचं वाचन-अध्यापनाचं प्रशिक्षण आणि शाळांत पाठवलेले वाचन-मार्गदर्शक होते. ते महाग आणि कंटाळवाणे, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

एक गोष्ट परिस्थितीवर इतकी अवलंबून आहे की ती आधीच वेगळी काढा: भाषा. फिनिशमध्ये जवळपास एक अक्षर एक ध्वनी, त्यामुळे वाचन लवकर उलगडतं. सातव्या वर्षी शाळा सुरू करणं परवडतं त्यात याचाही वाटा आहे. इंग्रजीत तसं नाही, म्हणून इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या वर्षी ४० शब्दांची ध्वनी तपासणी होते आणि त्यांतले २० शब्द मुद्दाम निरर्थक असतात, पाठांतर पकडायला. देवनागरी वाचणाऱ्या मुलाचं अडतं ते जोडाक्षरांपाशी. त्याला फिनलंडचाही धडा पुरत नाही आणि इंग्लंडचाही. जपानी मुलाला प्राथमिक शाळेत १,०२६ चित्रलिपी अक्षरं शिकावी लागतात, तो वेळ कुठून तरी येतोच. आकड्यांचंही तसंच: जपानीत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, तर जर्मनीत आणि मराठीतही एकवीस म्हणताना एकक आधी येतो. ऐकून लिहिताना २१ चा १२ होणं जपानी वर्गात दिसणार नाही.

आता तक्ता. देश चार घ्या, पण इयत्ता एक आणि घटक एकच: हातच्याची वजाबाकी, अपूर्णांकांची बेरीज, काहीही. प्रत्येक देशासाठी पाच कागद जमवा. अभ्यासक्रमातला त्या घटकाचा उतारा. पाठ्यपुस्तकाचं ते पान. नसल्यास शिक्षक-हस्तपुस्तिकेतला भाग. त्या इयत्तेला गणिताच्या आठवड्याला किती तासिका आणि किती मिनिटांच्या. त्या घटकावर विचारलेला एक प्रत्यक्ष परीक्षेचा प्रश्न. पाचवा कागद मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो: अडलेल्या मुलासाठी कोण, कधी, कोणाच्या पगारावर येतं. तिथे ‘उपचारात्मक अध्यापनाची सोय आहे’ असं वाक्य लिहून भागवू नका. माणूस, वार आणि मिनिटं लिहा. यातलं काही सापडलं नाही तर चौकट रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका.

हे काम चार-पाच जणांच्या गटाला महिनाभर पुरतं, मात्र एकाने एक देश घ्यायचा नाही. प्रत्येकाने एक कागद सगळ्या देशांसाठी बघायचा. देश वाटून घेतले की प्रत्येकजण आपापल्या देशाचा वकील होतो. पाठ्यपुस्तकाची चार पानं शेजारी ठेवली की पहिली नोंद संख्यांची करा: पहिलं उदाहरण कोणतं आणि तेच का. आणि स्वतःच्या शाळेचाही पाचवा रकाना करा, त्यात तोच पाचवा कागद आधी भरा.